मेलानेशियाचें गाणें आणि परक्यांचें सोवळें

पॅसिफिक महासागरांतील मेलानेशियाच्या बेटांविषयीं एक वाक्य इतक्या वेळां आणि इतक्या खात्रीनें उच्चारलें जातें कीं, तें आतां मत राहिलें नसून सिद्धांत होऊन बसलें आहे. तें वाक्य असें: ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं त्या लोकांचें संगीत मारलें, आणि जें कांहीं धुगधुगत होतें तें गिटारीनें पुरून टाकलें. लोकसंगीताचे षोकी, प्रवासवर्णनें लिहिणारे, वसाहतवादाचा मनापासून तिटकारा असलेले आमच्याकडील सुशिक्षित, हे सर्व येथें एकमुखानें बोलतात. रविवारीं प्रार्थनामंदिरांत अनेक स्वरांच्या मेळांत स्तोत्रें गाणारा आणि शनिवारीं रात्रीं युकुलेली घेऊन प्रेमाचीं गाणीं म्हणणारा बेटवासी त्यांना पाहवत नाहीं. त्यांना त्याच्या पणजोबाच्या हातांतला पडघम हवा असतो. ह्याच्या हातांतली गिटार म्हणजे त्यांच्या दृष्टीनें दास्याची खूण. ह्या मतांत दया आहे, अन्यायाची चीड आहे, आणि कांहीं अंशीं सत्यही आहे. म्हणूनच त्याचा समाचार घेणें अवश्य झालें आहे. निखळ खोटें मत फारसा अपाय करीत नसतें.

मेलानेशिया हें नांवच मुळीं परक्यांनीं दिलेलें. द्युमाँ द्युर्व्हिल ह्या फ्रेंच नाविकानें 1832 सालीं लोकांच्या कातडीचा रंग पाहून ‘काळीं बेटें’ अशा अर्थाचा हा शब्द रूढ केला. न्यू गिनीचें प्रचंड बेट, त्याच्या पूर्वेचीं बिस्मार्क व सॉलोमन बेटें, व्हानुआतू, न्यू कॅलेडोनिया, फिजी, आणि वांशिक दृष्ट्या त्यांच्याशीं निगडित अशीं ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळचीं टॉरेस सामुद्रधुनीचीं बेटें, एवढा हा प्रदेश. एकट्या पापुआ न्यू गिनींत आठशेंहून अधिक भाषा आहेत. येथील मूळ रहिवाशांपैकीं बहुतेक सर्व आज ख्रिस्ती आहेत, आणि तेही कोणा परदेशी संस्थेच्या हुकमानें नव्हे. स्वतःच्या मंडळ्या, स्वतःचे पाद्री, आणि अर्थातच स्वतःचीं भांडणें, असा त्यांचा संसार आहे. ह्या एवढ्या जनसमुदायाचें आजचें गाणें खोटें आणि त्याच्या पूर्वजांचें तेवढें खरें, असा निवाडा देण्याचा अधिकार दूरच्या श्रोत्याला कोणीं दिला, एवढाच माझा प्रश्न आहे.

पहिली चूक इतिहासाची. ‘मिशनरी’ म्हटला कीं डोळ्यांपुढें उभा राहतो तो काळ्या कोटांतला, पेटी घेऊन आलेला गोरा मनुष्य. असे पुष्कळ आले, हें खरें. परंतु स्तोत्रें घेऊन जे ह्या किनाऱ्यांवर प्रथम उतरले आणि गांवांत लोकांच्या शेजारीं झोपडी बांधून राहिले, ते बहुतांशीं दुसऱ्या बेटांवरचे बेटवासीच होते. लंडन मिशनरी सोसायटी 1871 च्या 1 जुलैस टॉरेस सामुद्रधुनींतील एरूब बेटावर आली तेव्हां तिच्याबरोबर लॉयल्टी बेटांतले शिक्षक होते. तेथील लोक तो दिवस अद्याप ‘प्रकाशाचें आगमन’ म्हणून पाळतात. 1872 सालीं पापुआच्या दक्षिण किनाऱ्यावर जे शिक्षक आले ते कुक बेटांतले. 1875 सालीं जॉर्ज ब्राउन ह्या मेथडिस्ट पाद्र्यानें न्यू ब्रिटनच्या शेजारीं तळ दिला तो फिजी व सामोआ येथील शिक्षकांच्या बळावर. त्यांपैकीं चार फिजियन 1878 सालीं मारले गेले; ब्राउननें त्याचा सूड उगवितांना गांवें जाळलीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे; आणि 2007 सालीं तेथील तोलाई लोकांनीं त्या हत्येबद्दल फिजीच्या प्रतिनिधीपुढें जाहीर क्षमा मागितली. पापुआ न्यू गिनींत उपासनेला ‘लोटू’ म्हणतात. हा शब्द लंडनचा नव्हे, टोंगा-फिजीकडचा आहे.

ह्या शिक्षकांनीं आणलेलें गाणेंही इंग्रजी चर्चमधलें राहिलें नव्हतें. कुक बेटांच्या लोकांनीं इंग्रजी स्तोत्रांचें आपल्या गळ्यांत आधींच रूपांतर करून टाकलें होतें. पोर्ट मोर्सबीच्या परिसरांत त्यांतून ‘पेरोव्हेता’ नांवाचा प्रकार जन्मास आला. नांवाचा रोख संदेष्ट्यांच्या गीतांकडे आहे. वाद्य नाहीं, साथ नाहीं. गायकांचे गट एकमेकांच्या स्वरांवर स्वर चढवीत, एकमेकांस ओढीत नेतात. शब्द कधीं मोटू भाषेचे, तर कधीं दूरच्या पॉलिनेशियन बोलीचे. हें ऐकून लंडनचा मनुष्य ‘हें आमचें’ असें म्हणूं धजणार नाहीं. मग तें कोणाचें? शुद्धतेच्या भक्तांना ह्या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं. कारण त्यांच्या खतावणींत दोनच रकाने आहेत, ‘मूळचें’ आणि ‘लादलेलें’.

फिजीमध्यें ‘लाली’ नांवाचा ओंडका पोखरून केलेला पडघम असतो. पूर्वी तो युद्धाची व मृत्यूची वार्ता देई. 1835 सालीं लाकेंबा बेटावर मेथडिस्ट उतरले; आज तीच लाली लोकांना उपासनेस बोलाविते. बाऊ बेटावर ज्या दगडावर शत्रूंचीं डोकीं फोडीत असत, तो दगड आतां तेथील चर्चमध्यें बाप्तिस्म्याच्या पाण्यासाठीं बसविलेला आहे. हा दगड आतां अस्सल म्हणावा कीं बाटलेला? मला वाटतें, बाऊच्या लोकांना हा प्रश्न हास्यास्पद वाटेल.

आणि गोऱ्या मिशनऱ्यांनीं तरी सगळीकडे एकच केलें काय? योहानेस फ्लिअर्ल 1886 सालीं फिन्शहाफेनजवळ आला, तेव्हांपासून न्यू गिनीच्या त्या किनाऱ्यावर जर्मन लुथरपंथीयांचें काम सुरू झालें. त्यांच्यापैकीं ख्रिस्तियान कायसर यानें काटे लोकांच्या जुन्या चालींवर स्तोत्रें रचण्यास उत्तेजन दिलें. याबेम भाषा बोलणाऱ्या लोकांत हाइनरिश त्सान यानें जें केलें तें तर अधिकच विलक्षण आहे. शंख फुंकून इशारा देण्याची चाल त्या किनाऱ्यावर जुनी. (शंख म्हटला कीं आपल्याला देवघर आठवतें, तेथें तो आधीं दवंडीचें साधन होता.) त्सान यानें 1920 नंतरच्या दशकांत लहानमोठे शंख जमवून त्यांचा वाद्यवृंद उभारला. एका शंखांतून स्वर एकच निघतो; म्हणून चाल वाजवावयाची तर प्रत्येकानें आपली पाळी येतांच आपला एक स्वर फुंकावयाचा आणि पुन्हा गप्प राहावयाचें. जर्मन स्तोत्राची एक ओळ पुरी होण्यास अशा रीतीनें पुष्कळ माणसें लागतात, आणि एक जण गैरहजर राहिला तर चालीला भोंक पडतें. एकट्यानें वाजवून मिरविण्याची सोयच ह्या वाद्यांत नाहीं. जर्मन चर्चमध्यें असें कांहीं नव्हतें, आणि जुन्या याबेम गांवांतही नव्हतें. त्सान यानें याबेम लोकांच्या संगीतावर लिहून ठेवलेला ग्रंथ इंग्रजींत येऊन 1996 सालीं प्रसिद्ध झाला. जुनें संगीत मारल्याचा आरोप ज्या वर्गावर, त्याच वर्गांतल्या एकाच्या टिपणांतून त्या जुन्या संगीताची पुष्कळशी माहिती आज आपल्याला मिळते.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ‘म्हणजे कांहीं बिघडलेंच नाहीं, असें आपलें म्हणणें?’ तसें मुळींच नाहीं. बिघडलें, आणि कांहीं ठिकाणीं भयंकर बिघडलें. पापुआ न्यू गिनीच्या अंतर्भागांत बोसावी पर्वताच्या पायथ्याशीं राहणाऱ्या कालुली लोकांचें उदाहरण घ्या. त्यांच्यांत ‘गिसालो’ नांवाचा विधि होता. पाहुणे रात्रीं यजमानांच्या लांबट घरांत येत आणि पिसांनीं सजून गात. गाण्यांत असे काय, तर यजमानांच्या ओळखीचे ओढे, त्यांच्या बागा, मेलेलीं माणसें जेथें वावरत तीं ठिकाणें. एकामागून एक नांवें येत जात आणि ऐकणाऱ्यांपैकीं कोणाला तरी आपला मेलेला भाऊ, आपली मेलेली लेक आठवून रडूं कोसळे. मग तो दुःखानें व रागानें उठून मशालीनें गाणाऱ्याचा खांदा भाजी. गाणारा गात राही. पहाटे पाहुणे रडविल्याबद्दल यजमानांना भरपाई देत आणि घरीं जात. मनुष्यजातीनें शोकासाठीं निर्माण केलेल्या कलाप्रकारांत ह्याच्या तोडीचे थोडे असतील. एडवर्ड शिफेलिन यांनीं 1976 सालीं आणि स्टीव्हन फेल्ड यांनीं 1982 सालीं ह्या लोकांवर लिहिलेल्या ग्रंथांमुळें हें सर्व जगाला कळलें. 1970 नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तेथें ऑस्ट्रेलियन मिशनरी येऊन स्थायिक झाले. नरकाग्नीचें भय घातलें गेलें, जुने विधि सैतानाचे ठरले, आणि गिसालो बंद पडलें. ह्या कृत्याचें समर्थन माझ्याकडून कोणीही अपेक्षूं नये.

परंतु गुन्हा कोणाचा, हें नीट पाहिलें पाहिजे. गुन्हा बंदीचा आहे, भीतीचा आहे. तो स्तोत्राच्या चालीचा नव्हे, आणि गिटारीचा तर मुळींच नव्हे. त्याच बोसावींत मिशनच्या शाळेंत वाढलेल्या पिढीनें पुढें गिटार व युकुलेली हातीं घेतली, आणि ज्यांनीं जुन्या गाण्यांसाठीं आयुष्य वेचलें त्या फेल्ड यांनींच हीं नवीं गाणीं ध्वनिमुद्रित केलीं. 2001 सालीं त्यांनीं बोसावीच्या संगीताच्या तीन तबकड्यांचा संच काढला. त्यांत पहिली तबकडी गिटारमंडळ्यांची आहे, दुसरी दैनंदिन जीवनांतल्या गाण्यांची, आणि विधींची तिसरी. हा क्रम मला फार बोलका वाटतो. आणि त्या गिटारीच्या गाण्यांत काय आहे? पुन्हा ओढे, पुन्हा जागांचीं नांवें, पुन्हा मागें राहिलेल्या माणसांची आठवण.

आतां ह्याच दोषाची दुसरी बाजू. परका विद्वान जुन्या वस्तूंना सोवळ्यांत बांधून ठेवूं पाहतो, तर घरचा उत्साही धर्मनिष्ठ त्या वस्तूंना ओवळ्या ठरवून फेकून देऊं पाहतो. पापुआ न्यू गिनीचें संसदभवन 1984 सालीं उघडलें गेलें; त्याची बांधणी सेपिक नदीकडील पूर्वजगृहाच्या धर्तीची आहे. 2013 च्या अखेरीस तेथील अध्यक्ष थिओडोर झुरेन्युओक यांनीं दर्शनी तुळईवरचे कोरीव मुखवटे उतरवून तोडले, कारण त्यांत दुष्ट शक्तींचा वास आहे अशी त्यांची श्रद्धा. राष्ट्रीय संग्रहालयाच्या संचालकांनीं दावा लावला आणि 2016 सालीं न्यायालयानें हें कृत्य बेकायदा ठरविलें. 2015 सालीं त्याच भवनांत बायबलची 1611 सालची एक जुनी प्रत समारंभानें आणून ठेवण्यांत आली होती. गंमत अशी कीं, पूर्वजांच्या लाकडांत शक्ति आहे हें मुखवटे तोडणाऱ्यानें जितकें मनापासून मानलें, तितकें तें मुखवटे जपणाऱ्या संग्रहालयानेंही मानलें नसेल! कित्येक पंथांनीं पडघम व जुने नाच ह्यांवर अजून बहिष्कार घातलेला आहे. अशा लोकांना मी एवढेंच विचारीन: तुमच्या देवाला तुमचा पडघम ऐकूं येत नाहीं काय?

गाण्याचा स्वभाव मात्र अशा बंद्यांना पुरून उरतो. न्यू गिनीच्या पश्चिमेकडील डोंगरांत उराप्मिन नांवाचा सुमारें चारशें लोकांचा समाज आहे. 1977 सालीं तेथें धर्मजागृतीची लाट आली आणि लोकांनीं आपणहून जुने विधि व पडघमाचे नाच टाकून दिले. पण नाच जाईना. तो चर्चच्या आंत शिरला. ‘स्पिरिट डिस्को’ असें त्याचें तेथलें नांव. रात्रभर ख्रिस्ती गाण्यांच्या ठेक्यावर लोक वर्तुळांत उड्या मारीत फिरतात, कोणाच्या अंगांत पवित्र आत्मा येतो, तो थरथरत आपटतो, आणि पहाटे मनावरचें पाप उतरल्यासारखा शांत होतो. जोएल रॉबिन्स यांनीं 2004 सालीं ह्याचें सविस्तर वर्णन केलें आहे. आमच्याकडे गोंधळ-जागरणें पाहिलेल्या वाचकाला ह्यांत अपरिचित असें फार थोडें वाटेल.

मराठी वाचकाला तर हा वाद मुळींच नवा वाटूं नये. फादर स्टीफन्सचें ‘क्रिस्तपुराण’ 1616 सालीं छापून निघालें तें ओवीछंदांत. आणि 1736 सालीं गोव्याच्या इन्क्विझिशननें लग्नकार्यांतलीं देशी गाणीं-वाजविणीं बंद करण्याचें फर्मान काढलें. एकाच धर्माचीं हीं दोन कृत्यें, एकाच भूमींत. नारायण वामन टिळक 1895 सालीं ख्रिस्ती झाले आणि त्यांनीं अभंग व कीर्तन उपासनेंत नेलें. टिळकांचा अभंग म्हणजे वारकऱ्यांची चोरी, असें कोणी म्हटल्यास आपण त्याला अरसिक म्हणूं. मग सॉलोमन बेटांतल्या मनुष्यानें गिटारीवर स्तोत्र म्हटलें कीं आपली रसिकता कोठें जाते?

ती कोठें जाते, हें दोन उदाहरणांवरून दाखवितों. 1898 सालीं केंब्रिजचे हॅडन आपल्या सहकाऱ्यांसह टॉरेस सामुद्रधुनींतील मेर बेटावर गेले. मेणाच्या नळकांड्यांवर तेथील गाणीं उतरून घेण्याचें त्यांनीं केलेलें काम मोलाचें आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु त्यांना हवा होता मालो-बोमाई हा जुना गुप्त विधि. बेट ख्रिस्ती होऊन पाव शतक उलटलें होतें आणि मूळचे मुखवटे नाहींसे झाले होते. मग पुठ्ठ्याचे मुखवटे करविण्यांत आले, बेटवासीयांनीं ते घालून नाच केला, आणि हॅडन यांनीं त्याचें चलच्चित्र घेतलें. ज्या लोकांनीं रोज सायंकाळीं घरोघर प्रार्थना करावी, त्यांचें खरें रूप म्हणजे पुठ्ठ्याचा मुखवटा! आजहि ह्या जातीचे पुठ्ठे पुष्कळ विकले जातात.

दुसरें उदाहरण अधिक कडू आहे. सॉलोमन बेटांपैकीं मालाइता बेटाच्या उत्तर भागांत अफुनाक्वा नांवाच्या स्त्रीनें एक अंगाईगीत म्हटलें; पोरक्या झालेल्या लेंकराची समजूत घालणारें. स्विस संशोधक ह्यूगो झेंप यांनीं तें 1970 च्या सुमारास ध्वनिमुद्रित केलें आणि तें युनेस्कोच्या मालिकेंत प्रसिद्ध झालें. 1992 सालीं ‘डीप फॉरेस्ट’ नांवाच्या फ्रेंच मंडळींनीं तो आवाज उचलून त्याखालीं यंत्रांचा ठेका घातला. तबकडीवर आफ्रिकेंतल्या पिग्मी लोकांचे आवाज होते. त्यांतच हा मिसळला. तिच्या लाखों प्रती खपल्या. 1996 सालीं नॉर्वेच्या यान गार्बारेक ह्या नामांकित वादकानें हीच चाल वाजविली ती ‘पिग्मींची अंगाई’ ह्या नांवाखालीं. झेंप यांनीं जाहीर तक्रार केली; स्टीव्हन फेल्ड यांनीं 2000 सालीं सबंध प्रकरण उजेडांत आणलें. अरण्यांतल्या निष्पाप, अस्पर्शित मानवाचा आवाज म्हणून ज्यांनीं हें गाणें कानांशीं धरलें, त्यांना तो मानव पॅसिफिकमधला कीं कांगोमधला, हेंही ठाऊक नव्हतें, आणि जाणून घेण्याची गरजहि वाटली नाहीं. शुद्धतेच्या भक्ताला आवाज लागतो. त्या आवाजाची मालकीण लागत नाहीं.

आणि मालाइताच्या लोकांचें स्वतःचें गाणें? तें कोणी विकत घेईना, कारण तें चर्चमध्यें म्हटलेलें असतें किंवा वेळूच्या वाद्यवृंदावर वाजविलेलें असतें. हा वाद्यवृंद पश्चिम सॉलोमनचा शोध. जाड वेळूच्या लहानमोठ्या नळ्या आडव्या बांधावयाच्या आणि त्यांच्या उघड्या तोंडांवर रबरी चपलेनें फटके मारावयाचे; खालचा घुमणारा सूर त्यांतून निघतो आणि वर गिटार चालते. तो तेथून बूगनव्हिलला गेला, पुढें न्यू गिनीच्या मडांग किनाऱ्यापर्यंत पोहोंचला. ह्यांत ‘मूळचें’ किती आणि ‘परकें’ किती, ह्याचा हिशेब ज्याला करावयाचा असेल त्यानें चपलेपासून सुरुवात करावी.

गिटार व युकुलेली ह्या बेटांत आधींपासून थोड्याफार येत होत्या. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैनिक लाखांनीं उतरले तेव्हां त्यांचा प्रसार झाला. त्यानंतर प्रत्येक किनाऱ्यानें तारा जुळविण्याची आपली रीत काढली. न्यू गिनींत अशा जुळणींना ‘की’ म्हणतात, आणि जाणता मनुष्य चार सूर ऐकतांच मंडळी कोठली तें ओळखतो. आमच्या कानाला सगळें सारखेंच वाटतें, ही तक्रार आमच्या कानाची आहे. फिजींतल्या ‘सिगिद्रिगी’ नांवाच्या गाण्यांत यांगोना पीत पीत गाणारे लोक जो स्वरमेळ साधतात, त्याचें शिक्षण रविवारच्या चर्चमधलें आहे. नांव मात्र इंग्रजींतल्या ‘गा’ आणि ‘पी’ ह्या दोन शब्दांचें झालेलें. मेथडिस्ट पाद्र्यांना हें नांव फारसें रुचत नसावें. रबाउलजवळच्या तोलाई लोकांत असा समज आहे कीं, उत्तम गाण्याचा रचनाकार ‘बुआई’ ह्या मंत्रविद्येच्या बळानें आत्म्यांकडून चाल मिळवितो. त्याच गांवांत मेथडिस्ट व कॅथलिक चर्चांचे गायनवृंद आहेत आणि गिटारमंडळ्याही आहेत. त्या परिसरांतला गायक जॉर्ज तेलेक यानें 1990 सालीं एका ऑस्ट्रेलियन मंडळीबरोबर जी तबकडी केली तिचें नांव ‘ताबारान’, म्हणजे भूत.

कोणी म्हणेल कीं गिटार ही शेवटीं मिशनचीच मागची पाऊलखूण. त्यानें व्हानुआतूंतील ताना बेटावर जावें. तेथें प्रेस्बिटेरियन मिशननें कावा पिणें व जुने नाच यांना बंदी केली. 1940 च्या सुमारास लोकांनीं जॉन फ्रम ह्या गूढ पुरुषाच्या नांवानें मिशनकडे पाठ फिरविली आणि कावा व नाच पुन्हा सुरू केले. मिशनचें जोखड झुगारणारी ह्याहून ठळक चळवळ त्या भागांत नसेल. ह्या लोकांचीं भक्तिगीतें दर शुक्रवारीं रात्रभर चालतात, आणि तीं चालतात गिटारींवर.

खरी कसोटी मात्र निराळीच आहे. जें गाणें लादलेलें असतें तें सत्तेला कधीं बोंचत नाहीं. न्यू कॅलेडोनियांत कानाक लोकांच्या स्वातंत्र्याचा पुढारी झालेला जाँ-मारी चिबाऊ हा आधीं कॅथलिक पाद्री होता. 1975 सालचा ‘मेलानेशिया 2000’ हा महोत्सव त्यानेंच भरविला. पुढें 1986 च्या सुमारास कानाक तरुणांनीं ‘कानेका’ संगीत निर्माण केलें तें जुन्या पिलू-नाचाचा ठेका आणि विजेची गिटार ह्यांच्या जोडीनें. ‘तापेरास’ ह्या प्रॉटेस्टंट स्तोत्रगायनाचा संस्कारही त्यांतल्या गळ्यांवर आहे. व्हानुआतूचे पहिले पंतप्रधान वॉल्टर लिनी हे अँग्लिकन पाद्री होते. हें सर्व केवळ योगायोगानें घडलें असें म्हणणें कठीण आहे.

आणि पश्चिम पापुआ. तेथें पहिले मिशनरी 1855 च्या 5 फेब्रुवारीस मान्सिनाम बेटावर उतरले. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं इसाक सॅम्युएल कैने ह्या डच मिशनरी शिक्षकानें आपल्या विद्यार्थ्यांसाठीं गाणीं रचलीं. त्यांतलें एक पापुआच्या भूमीचें स्तवन होतें. 1961 च्या 1 डिसेंबरास सकाळच्या ताऱ्याचें निशाण उभारलें गेलें, त्या सुमारास तेंच पापुआचें राष्ट्रगीत ठरविण्यांत आलें. 1963 सालीं प्रदेश इंडोनेशियाच्या ताब्यांत गेल्यावर तें निशाण व तें गीत हीं राजद्रोहाचीं चिन्हें झालीं. 2004 सालीं निशाण उभारल्याबद्दल फिलेप कार्मा यांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली. एका डच पाद्र्यानें शाळेंतल्या मुलांसाठीं केलेलें हें गीत! शुद्धतेच्या नियमाप्रमाणें पाहिलें तर पापुआच्या लोकांचा त्याच्यावर कांहींच हक्क नाहीं.

बियाक बेटाचे आर्नोल्ड आप हे जयापुरा येथील चेंद्रवासिह विद्यापीठाच्या संग्रहालयाचे प्रमुख होते. शुद्धतेचा आग्रह धरावयाचा तर संग्रहालयाच्या माणसाइतका अधिकार कोणाला? त्यांनीं 1978 सालीं मित्रांसह ‘मांबेसाक’ नांवाची गायकमंडळी काढली. बियाक भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ स्वर्गपक्षी. निरनिराळ्या भाषांतलीं गांवोगांवचीं गाणीं गोळा करावयाचीं, गिटार, युकुलेली आणि टिफा नांवाचा तेथला पडघम यांच्या साथीवर तीं बसवावयाचीं, रेडिओवरून ऐकवावयाचीं, त्यांच्या ध्वनिफिती काढावयाच्या, असा त्यांचा उद्योग. त्यामुळें डोंगरांतल्या माणसाला किनाऱ्यावरचें गाणें आपलें वाटूं लागलें, आणि हेंच सरकारला खुपलें. 1983 च्या नोव्हेंबरांत आप यांना पकडण्यांत आलें. कोठडींत त्यांनीं एक शेवटचें गीत रचलें. 1984 च्या एप्रिलांत ते मारले गेले. पळून जात असतां गोळी लागली, असें सरकारी निवेदन आहे, आणि त्यावर पापुआंतल्या फारच थोड्या लोकांचा विश्वास आहे. मांबेसाकच्या ध्वनिफिती हातोहात नकलून पसरत गेल्या, आणि तीं गाणीं पश्चिम पापुआंत अजून गायिलीं जातात. त्यांत टिफा आहे, गिटार आहे, युकुलेली आहे, आणि चर्चच्या बांकांवर शिकलेला स्वरमेळही आहे.